जादूच्या राज्यात व्याज किती?

फॅनफिक्शनमधल्या राजाला खजिना सगळेच देतात. तो पैसा फिरतो कसा, ते कुणी लिहीत नाही. त्यासाठी नाशिकजवळच्या पांडवलेण्यावर दहाव्या लेण्यात जा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या ब्राह्मी लेखात हिशेबच कोरलाय: विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ठेव. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. उरलेल्या १००० वर पाऊण टक्का. लिपी येत नसेल तर छापील वाचन आधी वाचून जा. मग नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला सापडलेला नाण्यांचा साठा: नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपले ठसे मारले. असं दोन राजांचं नाणं पात्राच्या हातात द्या की! नावं बदला, व्यवहार तसाच ठेवा. ड्रॅगनचं तुम्ही बघा, माझा जीव व्याजात अडकलाय.