जुना लॅपटॉप चार्ज होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी चार्जरची मधली पिन तपासा

इंदूरच्या रामबागेत आमची छोटी अभ्यासिका आहे. लोकांनी दिलेले जुने लॅपटॉप नीट करून आम्ही मुलांना वापरायला देतो. त्यामुळे "चालू होतो, पण चार्जच होत नाही" ही तक्रार माझ्याकडे सतत येते, आणि तिच्यासोबत येणारे सल्ले ऐकून माझा संताप होतो. बॅटरी फ्रीजमध्ये ठेवा म्हणे. दरवेळी शून्यावर आणून मग चार्ज करा म्हणे. शून्यावर आणायची पद्धत निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली, लिथियम-आयन बॅटरी त्याने लवकर मरते. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या बॅटरीवर दव धरतं, पदरात दुसरं काही पडत नाही.

आधी भिंतीतलं सॉकेट बदलून बघा आणि चार्जरच्या ठोकळ्यात जाणारी जाड वायर घट्ट दाबा. चार्जिंग बरोबर ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल तर ते बॅटरी वाचवायचं सेटिंग आहे. लेनोव्होत त्याला 'कन्झर्वेशन मोड' म्हणतात, बंद केलं की पुढे चार्ज होतं. तरी अडलं असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि सगळं परत जोडा.

खरी गोम यापुढे आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्याच लॅपटॉपचं चार्जिंग बंद पडलं. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावला, १९.५ व्होल्ट आले. म्हणजे चार्जर ठणठणीत, असं मी गृहीत धरलं आणि नवी बॅटरी आणली. ती शून्याची एक टक्का होईना. दुकानात दाखवला तर "मदरबोर्ड गेला" असं सांगितलं. आठवड्याने शेजारच्या वहिनींचा तसलाच चार्जर सहज लावून बघितला, तर दहा सेकंदांत चार्जिंग सुरू! बॅटरीचे पैसे विनाकारण गेले होते.

झालं होतं ते असं. डेल, एचपी यांच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत चार्जरच्या गोल टोकाच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज त्या पिनेतून येत नाही, ती येते गोलाच्या आतल्या भिंतीतून. मधली पिन लॅपटॉपला फक्त "मी ६५ वॉटचा" किंवा "मी ९० वॉटचा" एवढं सांगते. हा निरोप नेणारी तार केसासारखी बारीक असते आणि वायर जिथे टोकात शिरते तिथेच तुटते, कारण आपण टोक काढताना वायरला धरून ओढतो. तार तुटली की व्होल्ट पूर्ण येतात आणि लॅपटॉप चालतोही, पण चार्जर ओळखीचा नाही म्हणून बॅटरी चार्ज करायचं नाकारतो आणि मुद्दाम सावकाश चालतो. तुमचा लॅपटॉप चार्जर लावल्यावर एकदम रेंगाळत असेल तर संशय इथेच घ्या.

खात्री करायला बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानांत, जा. डेलमध्ये चालू करताना एफ२ दाबायचं. बॅटरीच्या पानावर ॲडॅप्टर किती वॉटचा ते लिहिलेलं असतं. तिथे 'अननोन' दिसलं किंवा चालू होतानाच ॲडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश आला, तर दोष बहुधा चार्जरमध्ये किंवा लॅपटॉपच्या जॅकमध्ये, म्हणजे चार्जरचं टोक घालायच्या भोकात, आहे. बॅटरीवर एक रुपयाही घालू नका. वायर टोकाजवळ थोडी वाकवून धरा, टोक काढून परत घाला, पुन्हा बघा. नुसती हलवून चालत नाही, कारण बरेचदा ओळख टोक घालतानाच तपासली जाते. एखाद्या कोनात वॉट दिसले तर तार तुटलेली आहे, हे पक्कं.

एक ताकीद. मल्टिमीटरची लाल सळई आत घालताना ती मधल्या पिनेला आणि भिंतीला एकाच वेळी लागली तर १९.५ व्होल्ट थेट चार्जरची ओळख सांगणाऱ्या चिपमध्ये जातात आणि चांगला चार्जरही कायमचा मुका होतो. मी असा एक घालवला आहे. आता मापायच्या आधी मी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा सेंटिमीटरभर प्लास्टिकचा तुकडा कापून त्या पिनेवर चढवते, मगच सळई भिंतीला टेकवते. काळी सळई बाहेरच्या कड्याला.

नवा चार्जर इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून घ्या की आणखी कुठून, लॅपटॉप सोबत न्या. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात: १९.५ व्होल्टला ३.३४ ॲम्पिअर म्हणजे ६५ वॉट, ४.६२ म्हणजे ९०. काउंटरवरच लावून बायोसमध्ये वॉट दिसतात का बघा आणि मगच पैसे द्या. स्वस्त नकलांमध्ये बरेचदा ती चिपच नसते. दुकानदार "चलता है" म्हणाला तरी हटू नका.

चार्जर ओळखला जातोय आणि तरी चार्ज होत नाही, तेव्हाच बॅटरीकडे वळा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग जागा, तिरकी रेघ (/) आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळची क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी दिसतात. आताची निम्म्याखाली गेली असेल तर बॅटरी बदला. टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा खालचं झाकण फाकलं असेल तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जर काढा, ती दाबू नका, टोचू नका, आणि उघडायची सवय नसेल तर जाणकाराकडूनच काढून घ्या. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे गाडीवाल्याला सांगून हातात द्या. ओल्या-सुक्यात टाकू नका.

दुसऱ्याचा चांगला चार्जर लावूनही वॉट दिसत नसतील तर बहुधा जॅक गेला. बऱ्याच जुन्या मॉडेलांत तो वायरीवर लावलेला सुटा भाग असतो, एक-दोन स्क्रू काढून बदलता येतो. बोर्डावर झाळलेला असेल तर झाळकामवाल्याकडे द्या. तोवर चार्जरच्या टोकाखाली कागदाची घडी खुपसून काम चालवू नका. सैल जॅकमध्ये ठिणगी उडते आणि आधी प्लास्टिक, मग बोर्ड जळतो.