एका अक्षरासाठी पॅकेज घरी बांधताना

आमच्या वाचनालयाच्या सूचीत ‘ॲडव्होकेट’ शोधलं की अर्धीच पुस्तकं सापडायची. नोंदी करणाऱ्यांपैकी कुणी हिंदीतला ऍ वापरलेला, कुणी अ लिहून त्यावर चंद्र दिलेला, कुणी मराठीचा ॲ. शेवटचे दोन पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. मराठीचा ॲ युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाच्या, ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र अक्षर म्हणून आला. सहाही संगणकांवर एकाच कळजोडीने तोच उमटावा, एवढंच मला हवं होतं.

आमच्याकडे डेबियन ही लिनक्स संगणकप्रणाली आहे आणि मराठी आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून टाइप होतं. त्यामागचे कळफलक एम१७एन या बहुभाषी संचाचे. बहुभाषीकरणाच्या लांबलचक इंग्रजी शब्दात एम आणि एनच्या मध्ये १७ अक्षरं येतात, म्हणून हे नाव. सुरुवातीला मी सिस्टीममधली कळफलकाची फाईल थेट बदलली होती. पुढच्या अपडेटने ती पुसून टाकली आणि मला ते महिनाभर कळलंही नाही. तेव्हापासून मी पॅकेजच, म्हणजे प्रोग्रॅम बसवायचा तयार गठ्ठाच, स्वतः बांधते. फक्त स्वतःपुरता बदल हवा असेल तर फाईलची प्रत आपल्या होम फोल्डरमधल्या ‘.एम१७एन.डी’मध्ये ठेवली तरी भागतं. सहा संगणक आणि रोज बदलणारे वाचक असले की ते पुरत नाही.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करा. रेघा, टिंबं, अधिकची चिन्हं जशीच्या तशी.

आधी फाईल कोणत्या पॅकेजची ते शोधायचं. ‘डीपीकेजी’ आणि ‘ऍप्ट’ ही डेबियनची पॅकेजं हाताळणारी साधनं. ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठा) आणि पुढे फाईलचा पूर्ण पत्ता. माझी फाईल ‘/यूएसआर/शेअर/एम१७एन’मधली, उत्तर आलं ‘एम१७एन-डीबी’. पॅकेज अजून बसवलेलंच नसेल तर ‘ऍप्ट-फाईल सर्च’ कामाला येतं. बसवलेल्या पॅकेजचं आणि त्याच्या सोर्सचं, म्हणजे ज्यापासून ते बांधतात त्या मूळ फाईलींचं, नाव एकच असेल असं मात्र धरू नका. ‘लिबसी६’चा सोर्स ‘जीलिबसी’ नावाने मिळतो. खाली सांगितलेला सोर्सचा रस्ता उघडला की ‘ऍप्ट-कॅश शोएसआरसी’ला पॅकेजचं नाव देऊन खरं नाव कळतं.

मग सोर्सचा रस्ता उघडायचा. ‘/ईटीसी/ऍप्ट’मधल्या ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये ‘डेब’ने सुरू होणाऱ्या ओळींच्या जोडीला ‘डेब-एसआरसी’च्या ओळी हव्यात, त्यांच्या आधी # असेल तर काढा. नव्या पद्धतीच्या ‘.सोर्सेस’ फाईलमध्ये ‘टाइप्स’च्या ओळीत ‘डेब’पुढे एक जागा सोडून ‘डेब-एसआरसी’ लिहा. नंतर ‘सुडो ऍप्ट अपडेट’. सुडो म्हणजे ती आज्ञा रूटच्या, संगणकाच्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने चालवणं.

आता एक रिकामं फोल्डर करून त्यात जा आणि ‘ऍप्ट सोर्स एम१७एन-डीबी’ द्या. इथे सुडो लावायचा नाही, नाहीतर सगळ्या फाईली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे प्रत्येक पावलाला अडतं. ‘डीपीकेजी-डेव्ह’ आधी बसवलेलं असू द्या, म्हणजे सोर्स उतरल्यावर आपोआप उलगडतो. डेबियनची एकापेक्षा जास्त रिलीझ जोडलेली असतील तर तुमच्याकडे चालू असलेलीच आवृत्ती उतरली ना, ते ‘डीपीकेजी -एल’ने पडताळा. हवी ती आवृत्ती नावापुढे = लावून मागता येते.

उतरलेल्यात मूळ लेखकांचा ‘ओरिग’ गठ्ठा, डेबियनचा छोटा गठ्ठा आणि त्या दोन्हींची नोंद असलेली ‘.डीएससी’ फाईल असते. उलगडलेल्या फोल्डरमधल्या ‘डेबियन’ या उपफोल्डरवर वेळ घालवा. ‘कंट्रोल’मध्ये पॅकेजला काय काय लागतं ते असतं, ‘रूल्स’मध्ये बांधणीची कृती, ‘पॅचेस’मध्ये डेबियनने केलेले फेरफार. कुणीतरी वर्षानुवर्षं किती निगुतीने हे सांभाळलंय, ते इथे दिसतं. मला हा भाग फार आवडतो.

‘सुडो ऍप्ट बिल्ड-डेप एम१७एन-डीबी’ने बांधणीचं साहित्य येतं. त्यानंतर, काहीही न बदलता, उलगडलेल्या फोल्डरमध्ये एकदा बांधून बघाच: ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी’. पहिले दोन पर्याय सही नको म्हणून, तिसरा फक्त बसवायचं पॅकेज हवं म्हणून. कोरी बांधणीच फसली तर दोष तुमच्या बदलात नाही, संगणकावर काहीतरी कमी आहे. ही पायरी मी कधीच गाळत नाही.

मग खरं काम. कळफलक ‘एमआयएम’ फोल्डरमध्ये आहेत, माझा ‘एमआर-आयट्रान्स’. आत प्रत्येक नियमात आधी कळा आणि नंतर अक्षर, दोन्ही अवतरणचिन्हांत. शेजारच्या ओळीच्या साच्यात मी ॲची ओळ घातली आणि त्याच कळा आधी दुसऱ्या अक्षराला दिलेल्या नाहीत ना, ते पूर्ण फाईलभर शोधलं. ‘डेबियन/सोर्स/फॉरमॅट’मध्ये ‘३.० क्विल्ट’ असेल तर ‘डीपीकेजी-सोर्स --कमिट’ द्या. ते पॅचचं नाव आणि कारण विचारतं. कारण सविस्तर लिहा, सहा महिन्यांनी वाचणार तुम्हीच असता.

आवृत्तीला वेगळी खूणही हवी. ‘डेव्हस्क्रिप्ट्स’मधलं ‘डीसीएच --लोकल +घर’ चालवलं की, समजा, ‘-३’ने संपणारी आवृत्ती ‘-३+घर१’ होते. ही ‘-३’पेक्षा मोठी पण ‘-४’पेक्षा लहान, त्यामुळे डेबियनची पुढची सुधारणा अडत नाही. ‘+’ऐवजी ‘~’ लावलं तर आपली आवृत्ती मूळपेक्षा लहान ठरते आणि अपडेट पुन्हा जुनंच बसवतं.

परत बांधा. तयार ‘.डेब’ एक फोल्डर वर पडतं. तिथे जाऊन ‘सुडो ऍप्ट इन्स्टॉल’पुढे ‘./’ लावून फाईलचं नाव द्या, ‘./’ विसरलात तर ऍप्ट ते नाव भांडारात शोधत बसतो. या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘ऑल’ आहे, म्हणजे प्रोसेसर कुठलाही चालतो, म्हणून एकदाच बांधून पेनड्राइव्हवरून सहाही ठिकाणी बसवलं आणि ‘आयबस रीस्टार्ट’ दिलं.

‘-४’ आली की माझी ओळ जाणार, हे ठरलेलंच. तेव्हा नवा सोर्स उतरवून, जपून ठेवलेला पॅच लावून परत बांधायचं. ‘ऍप्ट-मार्क होल्ड’ने पॅकेज थोपवता येतं, पण मी ते करत नाही, दुरुस्त्याही त्यासोबत अडकतात. त्यापेक्षा पॅच ‘रिपोर्टबग’ने डेबियनकडे पाठवला आहे. जुन्या नोंदींतले ऍ आणि चंद्रवाले अ मात्र वाचनालयातल्या आम्ही दोघी रोज शंभर-शंभर करून हाताने बदलतो आहोत.