मोटारीतील चाइल्ड सीट: कायद्याची अट आणि ती पाळण्याची रीत

चौदा वर्षांखालील मूल मोटारीत असेल, तर त्याला सीटबेल्ट लावलेला असावा किंवा ते चाइल्ड सीटमध्ये बसवलेले असावे, अशी अट मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १९४-बीच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाले. दंड एक हजार रुपयांचा आहे. तो चालकाला तर होतोच, पण मूल असे मोकळे असताना गाडी चालवू देणाऱ्यालाही होऊ शकतो. त्यामुळे गाडी आजोबांच्या नावावर, स्टिअरिंग मुलाच्या हाती आणि नातू आजोबांच्या मांडीवर अशी बैठक असेल, तर हे कलम दोघांनीही वाचलेले बरे.

या तरतुदीतला ‘किंवा’ मात्र फसवा आहे. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला सीटबेल्ट लावताच येत नाही, म्हणजे त्याच्यापुरता चाइल्ड सीट हाच एक मार्ग उरतो. तीन वर्षांच्या मुलाला बेल्ट लावता येतो, कायद्याचे समाधानही होते, पण तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असल्याने वरचा भाग गळ्यावर आणि खालचा भाग पोटावर येतो, आणि जोराच्या धक्क्यात तोच पट्टा इजा करतो. आई आणि बाळ दोघांना मिळून एकच बेल्ट लावणे तर सर्वांत वाईट, कारण धक्क्याच्या वेळी आईचा सगळा भार बाळावर येतो. राहिला प्रश्न घट्ट धरून बसण्याचा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला अडवून धरायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते, आणि ती कोणाच्याही हातांत नसते.

सीट घ्यायला निघण्यापूर्वी मुलाचे वजन आणि उंची मोजावी. वयावरून सीट निवडू नये, कारण एकाच वयाच्या दोन मुलांत तीन-चार किलोंचा फरक सहज असतो. भारतातले एआयएस-०७२ हे मानक युरोपातील आर-४४ नियमावर बेतलेले आहे आणि त्यात गट वजनावर पडतात: १३ किलोंपर्यंत बाळाची सीट, ९ ते १८ किलोंसाठी स्वतःचे पट्टे असलेली मोठी सीट आणि १५ ते ३६ किलोंसाठी बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट त्याच्या मापात आणणारी बैठक. सीटच्या मागे किंवा तळाशी गोलात ‘ई’ अक्षर असलेले लेबल असते, त्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते. लेबलच नसेल, तर ती सीट कितीही मऊ असली तरी घेऊ नये. वापरलेली सीट घ्यायची झाल्यास ती अपघातातून गेलेली नाही, याची देणाऱ्याकडून खात्री होत असेल तरच घ्यावी.

मग आपली गाडी पाहावी. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात, त्या फटीत बोटे घातल्यावर लोखंडी कड्या लागतात का, हे बघावे. त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टशिवाय चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवण्याच्या सोयीच्या असतात आणि जवळच तशी छोटी खूण शिवलेली असते. कड्या नसतील तर तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट चालतो, मात्र घेतलेली सीट बेल्टने बसवण्याजोगी असली पाहिजे. काही गाड्यांत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो. तिथे सहसा सीट बसवू नये.

सीट कोणत्या दिशेला तोंड करून बसवायची, यात सर्वाधिक चुका होतात. माझ्या भाचीची सीट आणली तेव्हा ती सात महिन्यांची होती आणि दुकानातल्या मुलाने ती समोर तोंड करून बसवून दिली, वर ‘बाळाला बाहेरचं दिसतं’ असे कारणही दिले. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि मान कोवळी असते, म्हणून त्याची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला हवी; तसे असले की धक्का मानेवर एकवटत नाही, सबंध पाठीवर पसरतो. युरोपातील आय-साइज नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत उलट तोंडाची बैठक सक्तीची आहे, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तोवर मूल तसेच बसवत राहणे उत्तम. अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये, कारण फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते. आपल्याकडे नव्या मोटारींत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग असते. सनव्हायझरवरचे इशाऱ्याचे चित्र त्यासाठीच असते.

बेल्टने सीट बसवताना तो सीटवर दाखवलेल्या मार्गानेच ओवावा, गुडघ्याने सीट दाबून धरावी आणि मग बेल्ट ओढून ताणावा. जिथून बेल्ट जातो तिथे धरून सीट हलवून पाहावी. ती इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा बसवावी. पहिल्या खेपेला मला यात पाऊण तास लागला होता.

मूल बसवल्यावर खांद्याचे पट्टे पाहावेत. पाठ पुढे असेल तर ते खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, तोंड पुढे असेल तर किंचित वरून निघावेत. पट्टा आवळल्यावर खांद्याजवळ त्याची चिमटी घेऊन पाहावी. चिमटीत पट्टा आला तर तो सैल आहे. जाड स्वेटर किंवा जाकीट काढून मगच पट्टे लावावेत आणि थंडी असल्यास वरून पांघरूण घालावे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतली बकल हाताला चटका देते, तेव्हा आधी तिला स्वतःचा हात लावून बघावा.

बूस्टर सोडून नुसत्या बेल्टवर यायची घाई करू नये. पाठ सीटला टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेशी वाकतात, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी आणि वरचा खांद्याच्या मधोमध येतो, असे झाले की मूल तयार आहे. ब्रिटनमध्ये ही मर्यादा १३५ सेंटीमीटर उंची किंवा बारावे वर्ष अशी आहे, जर्मनीत १५० सेंटीमीटर किंवा बारावे वर्ष. तिकडे मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

दुचाकीचे नियम वेगळे आहेत: चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट लागते, तर नऊ महिने ते चार वर्षे या वयात हेल्मेटसोबत चालकाला जोडलेला पट्ट्यांचा हार्नेस आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

भाड्याच्या गाडीने गावी जाणाऱ्यांनाही वर सांगितलेली अट लागू होते, कारण मुलांविषयीचे पोटकलम स्वतःची आणि भाड्याची गाडी असा भेद करत नाही. अशा वेळी घरची सीट बरोबर न्यावी आणि ठरवतानाच चालकाला मागचे बेल्ट मोकळे ठेवायला सांगावे. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत मागच्या बकला सीटकव्हरखाली दडपलेल्या असतात, आणि पहाटे पाच वाजता, सामान चढवून झाल्यावर, ते कव्हर उचकटायला कोणीच तयार नसते.