दोन मलेरियांच्या अँटीबॉडी एकत्र सापडल्या तर ते क्रॉस रिॲक्शन आहे का, हे कसं तपासायचं

एकाच माणसाच्या सीरममधे (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) फाल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दोन्ही प्रजातींच्या अँटीबॉडी दिसल्या की लगेच "क्रॉस रिॲक्शन आहे" असं लिहून मोकळं होऊ नका. कदाचित त्याला दोन्ही मलेरिया वेगवेगळ्या वेळी होऊन गेले असतील, किंवा मग एकामुळे बनलेली अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटत असेल, आणि साध्या एलायझाच्या (प्लेटवर लावलेल्या प्रोटीनला अँटीबॉडी किती चिकटली ते रंगावरून मोजणारी टेस्ट) आकड्यावरून यातलं काय खरं ते कळत नाही.

आधी अँटीजन, म्हणजे परजीवीचं ज्याला अँटीबॉडी चिकटते ते प्रोटीन, बघून घ्या. सीएसपी या प्रोटीनमधला परत परत येणारा तुकडा दोघांत वेगळाच आहे, म्हणूनच फाल्सिपॅरमच्या सीएसपीवर बेतलेल्या आरटीएस,एस आणि आर२१ या लशींकडून व्हायव्हॅक्ससाठी काही अपेक्षा ठेवता येत नाही. एएमए१ या प्रोटीनमधे मात्र निम्म्याहून जास्त अमिनो ॲसिड जुळतात, एमएसपी१ या प्रोटीनच्या १९ केडीए (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन) तुकड्यातही बरंच साम्य आहे, तिथे शंका घ्यायलाच हवी. आणि नोलेसी ही मलेरियाची आणखी एक प्रजाती तर व्हायव्हॅक्सचा जवळचा नातेवाईक, त्या जोडीत अजून सांभाळून.

आता खरी टेस्ट, कॉम्पिटिशन एलायझा, म्हणजे सीरममधे टाकलेलं मोकळं प्रोटीन प्लेटवरच्या प्रोटीनकडून अँटीबॉडी पळवतं का ते बघायचं. प्लेटला फाल्सिपॅरमचं प्रोटीन लावून रात्रभर ४ डिग्रीला ठेवा. सीरम किती पातळ करायचं (डायल्यूशन) ते असं निवडा की रंगाचं रीडिंग १ च्या आसपास येईल, वेल (प्लेटवरचा खळगा) अँटीबॉडीने गच्च भरलेलं असेल तर कॉम्पिटिशनने आकडा हलतच नाही आणि आपण उगाच "फरक नाही" म्हणून बसतो. मग त्याच सीरमचे चार भाग करा: एकात काहीच नाही, दुसऱ्यात मोकळं फाल्सिपॅरम प्रोटीन, तिसऱ्यात मोकळं व्हायव्हॅक्स प्रोटीन, चौथ्यात तेवढंच बीएसए (गाईच्या रक्तातलं, मलेरियाशी संबंध नसलेलं प्रोटीन). थोडा वेळ ठेवून प्लेटवर ओता, पुढचं नेहमीसारखं, निळा रंग आला की ॲसिड टाकून पिवळा करा आणि ४५० नॅनोमीटरला वाचा. फाल्सिपॅरमच्या भागाचा रंग उतरलाच पाहिजे, नाही उतरला तर प्रयोगच फसलाय, पुढे जाऊ नका. व्हायव्हॅक्सवाला भाग पिवळाधमक राहिला तर या अँटीबॉडी फक्त फाल्सिपॅरमच्या. तोही उतरला तर सामायिक. बऱ्याचदा थोडा उतरून थांबतो, म्हणजे फक्त फाल्सिपॅरमच्या आणि सामायिक अशा दोन्ही प्रकारच्या अँटीबॉडी मिसळलेल्या आहेत.

एवढ्यावर थांबू नका, प्रयोग उलटा करा, प्लेटला व्हायव्हॅक्सचं प्रोटीन लावा आणि दोन्ही मोकळी प्रोटीन आधीसारखीच सीरममधे टाकून बघा. माणसाला फक्त फाल्सिपॅरमच झाला असेल तर व्हायव्हॅक्सच्या प्लेटवरचा सगळा रंग फाल्सिपॅरमचं प्रोटीन खाऊन टाकेल, पण फाल्सिपॅरमच्या प्लेटवर व्हायव्हॅक्सचं प्रोटीन थोडाच उतरवेल. हा दोन दिशांमधला फरकच तुम्हाला मूळ इन्फेक्शन कोणतं ते सांगतो, मला तरी सगळ्यात भरवशाची खूण हीच वाटते.

एक गोष्ट मी बऱ्याचदा बघितलीये, दोन्ही प्रोटीन जीएसटी टॅगसकट (प्रोटीन शुद्ध करायला जोडलेलं दुसरं प्रोटीन) बनवलेली असतात आणि सीरम त्या टॅगलाच चिकटतं, मग सुंदर "क्रॉस रिॲक्शन" दिसते. त्यामुळे नुसतं जीएसटी लावलेले वेल प्रत्येक प्लेटवर ठेवाच, आणि कटऑफ (कोणत्या आकड्यापुढे पॉझिटिव्ह म्हणायचं) ठरवायला मलेरिया कधीच न झालेल्या लोकांचं सीरम घ्या, त्यांची सरासरी अधिक तीन स्टँडर्ड डेव्हिएशन.

समजा खरंच सामायिक निघाली, तरी चिकटणं म्हणजे संरक्षण नव्हे. १९१७ पासून न्यूरोसिफिलिसवर (मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस) उपचार म्हणून मुद्दाम मलेरिया द्यायचे, त्यात एका प्रजातीतून बरा झालेला रुग्ण दुसऱ्या प्रजातीने पुन्हा तापाने फणफणायचा. आणि अँटीबॉडींनी काम होतं हेही तितकंच खरं, १९६१ मधे गांबियातल्या मोठ्या माणसांचं गॅमा ग्लोब्युलिन (रक्तातला अँटीबॉडींचा भाग) आजारी मुलांना दिल्यावर त्यांच्या रक्तातले परजीवी घटले होते. म्हणून पुढची पायरी ग्रोथ इनहिबिशन, परजीवींच्या कल्चरमधे अँटीबॉडी टाकून वाढ थांबते का ते बघायचं. इथे सीरम तसंच ओतू नका, त्यात मलेरियाच्या औषधाचा अंश राहिला असेल तर परजीवी औषधानेच मरतील, आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार) शुद्ध करून घ्या. व्हायव्हॅक्सला कोवळ्या लाल पेशी लागतात, लॅबमधे तो कायम वाढवता येत नाही, त्यामुळे माणसाच्या रक्तात वाढणारा नोलेसी वापरतात. फाल्सिपॅरम आणि नोलेसी दोन्हींच्या कल्चरला त्याच आयजीजीचा तोच डोस द्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, कॉम्पिटिशनच्या निकालासकट.