मेल सगळे परत आले, आणि तिथूनच घोळ सुरू झाला

ऑफिसच्या मेल सर्व्हरच्या बॅकअपची ही गोष्ट. पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळून क्लायंटला देणारा), आरसिंक (फाइल कॉपी करणारा), क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. मलाही येत होतं. रोज रात्री 2 वाजता बॅकअप चालायचा, सकाळी लॉगमध्ये एरर नसायची आणि मी खूश.

मग सर्व्हर गेला. रात्रभर बसून रिस्टोर केला, मेलबॉक्स उघडून बघितले, मेल जागेवर. साडेनऊपासून फोन सुरू. कुणाचं आउटलुक सगळे मेल पहिल्यापासून उतरवत बसलेलं, तर कुणाकडे तीन वर्षांपूर्वीची पत्रं 'नवीन' म्हणून येऊन पडत होती. ऑफिसची लाइन ठप्प.

कारण फक्त एक ओळ. आयती उचललेली स्क्रिप्ट होती, त्यात 'डव्हकॉट' नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली वगळल्या होत्या. सीनियरना विचारलं तर म्हणाले, "इंडेक्स असतात रे त्या, आपोआप बनतात." अर्धं खरं होतं. इंडेक्स आणि कॅशे परत बनतात. यूआयडीलिस्ट, म्हणजे मेलच्या नंबरांची यादी, बनते, पण वेगळी बनते, आणि मी मेलो तो इथे. मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल असते, पण कुठल्या फाइलला कुठला नंबर दिलाय हे त्या यादीत असतं. आयमॅप क्लायंट (सर्व्हरवरच्या मेलशी सिंक राहणारं आउटलुकसारखं अ‍ॅप) मेल ओळखतो तो त्या नंबरावरून, आणि सोबत फोल्डरच्या यूआयडीव्हॅलिडिटीवरून (फोल्डर तोच आहे का, ते सांगणारा आकडा). यादी गेली की डव्हकॉट नवे आकडे वाटतो. क्लायंटला वाटतं हा फोल्डरच दुसरा, म्हणून तो जवळचं सगळं टाकून पुन्हा उतरवतो. पॉप3 वाल्यांचं (मेल आपल्या मशीनवर उतरवून घेणाऱ्यांचं) आणखी वाईट: डव्हकॉटच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये त्यांची मेलची ओळख याच दोन आकड्यांतून बनते, त्यामुळे सर्व्हरवर कॉपी ठेवणाऱ्यांना जुनं सगळं पुन्हा येतं. लेबलंही गेली. फाइलच्या नावात नुसतं 'ए', 'बी' उरतं. 'ए' म्हणजे काय ते कीवर्ड्सच्या फाइलमध्ये, आणि तीही मी वगळलेली. अकाउंट्सच्या बाईंनी 'पेमेंट बाकी' लावलेले मेल पुन्हा एकेक करून शोधले. त्या मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आयत्या स्क्रिप्टवर माझा राग आहे, तो राहणारच.

सर्व्हर बंद असताना येणाऱ्या मेलची मात्र फार काळजी नको. पाठवणारे सर्व्हर रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतात. मेल पाठवण्याचं मानक, आरएफसी 5321, निदान 4-5 दिवस सांगतं. घात होतो तो अर्धवट रिस्टोर झालेला सर्व्हर चालू केल्यावर. युजरचा डेटाबेस अजून भरलेला नाही, पोस्टफिक्स 550 ('असा युजर नाही') देऊन मोकळा, आणि तो मेल कायमचा परत. सगळं लागेपर्यंत पोर्ट 25 (बाहेरचे मेल आत येण्याचं दार) बंदच ठेवा.

आरसिंकला डिलीट लावून एकच कॉपी ठेवत असाल तर आजच थांबवा. चुकून उडवलेला मेलबॉक्स त्याच रात्री बॅकअपमधूनही उडतो. तारखेनिहाय कॉप्या हव्यात. डीकिमची की (बाहेर जाणाऱ्या मेलवरच्या डिजिटल सहीची) आणि डेटाबेसचा डंपही (पूर्ण उतारा) त्यातच.

आणि चाचणी घ्या. वेगळ्या मशीनवर एक मेलबॉक्स रिस्टोर करा, क्लायंटच्या मशीनवरच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचं नाव तिकडे वळवा, आधीपासून सिंक झालेला क्लायंट जोडा. तो गप्प बसला तर जमलं. उतरवायला लागला तर काहीतरी राहिलंय. त्या मशीनचे बाहेर जाणारे मेल आधी तोडा. मी विसरलो होतो, आणि रिस्टोर झालेल्या रांगेतली जुनी कोटेशनं ग्राहकांना दुसऱ्यांदा गेली.