वर्गाचा स्नेहमेळावा भरवताय? तारीख आधी गावातल्या मित्राला विचारा, आणि या चुका टाळा

आमची बी.ए.-बी.कॉम.ची तुकडी १९८८ ची. कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. निम्मी पोरं शकुंतलेनं, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीनं यायची. तेव्हा तिला अजून वाफेचं इंजिन होतं. पंचवीस वर्षं झाली म्हणून २०१३ साली आम्ही पहिला मेळावा घेतला. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून एकतीस जण आले. तालुक्यातच राहणारे आले फक्त चार. मग २०२३ मध्ये पुन्हा जमलो, तेव्हा हे गणित बदललं. या दोन मेळाव्यांच्या मधे जे शिकलो ते लिहितो आहे. दिवाळीच्या आसपास असा घाट घालणाऱ्यांनी हे वाचावं, अशी मनापासून इच्छा आहे.

तारीख शहरात बसून ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती आम्ही केली. दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार पक्का केला, कारण नोकरीवाल्यांच्या सुट्ट्या जुळत होत्या. मेळाव्याच्या सकाळी शेतकरी मित्राला फोन लावला, तर मागं थ्रेशरची घरघर. तो म्हणाला, "बावा, सोयाबीनची गंजी उघडी हाये, अन् आभाय आलं. पानी पडलं त कोन झाकन?"

ज्यांचं शेत सुटलं त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, उशीर झाला की उभ्या झाडावर शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. सोंगून गंजी लावली, म्हणजे ढीग रचला, आणि वरून पाणी आलं तर दाणा काळा पडतो, कोंब येतात. वर्षाचा पैसा त्या आठ-दहा दिवसांत घरात येतो किंवा येत नाही. कपाशीची पहिली वेचणीही त्याच सुमारास. वेचायला बाया मिळाल्या त्या दिवशी शेतात उभं राहावंच लागतं. अशा माणसाला "एक दिवस काढ ना यार" म्हणू नये. आम्ही म्हटलं होतं, आणि त्याची मला आजही खंत आहे.

आमच्या भागात चालणारा काळ म्हणजे भाऊबीज ते तुळशीचं लग्न. सोयाबीन घरात किंवा बाजारात गेलेलं असतं, हरभरा पेरून झालेला असतो आणि लग्नसराई अजून लागलेली नसते. त्याहून मोठं कारण म्हणजे वर्गातल्या मुली भाऊबीजेला माहेरी आलेल्या असतात. आमच्या पहिल्या मेळाव्यात दोन मैत्रिणी होत्या, दुसऱ्यात सतरा. मात्र भंडारा-गोंदियाकडं हा हिशेब लागू पडत नाही. तिकडं दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी चालू असते, तेव्हा तिथल्यांनी तिथल्याच मित्राला विचारावं.

तारीख पोळ्याला जाहीर करा. पोळ्यापासून दिवाळीची अमावास्या दोन महिन्यांवर असते आणि रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. यवतमाळकडं येणाऱ्यांना धामणगाव किंवा बडनेऱ्याला उतरावं लागतं, आणि दिवाळीच्या गर्दीत परतीचं तिकीट जास्त कठीण. परतीचं आधी बघा.

मैत्रिणींना शोधताना आणि बोलावताना

व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे अख्खा वर्ग, असं धरून चालू नका. आम्हाला न सापडलेल्यांत तीन चतुर्थांश मुली होत्या. रजिस्टरमध्ये माहेरचं आडनाव, फेसबुकवर सासरचं, सापडणार कशा? शेवटी आम्ही यादी गावांप्रमाणे लावली: कारंजाकडून गाडीत कोण चढायचं, दारव्ह्याला कोण उतरायचं. त्या गावात आज कोण आहे, ते विचारत भावापर्यंत, वहिनीपर्यंत पोचलो. या कामाला दोन महिने लागले, पण ते लागायलाच हवेत. नंबर मिळाला तरी परस्पर ग्रुपमध्ये टाकू नका. आधी वर्गातल्याच एखाद्या मैत्रिणीनं फोन करावा आणि होकार घ्यावा.

एक गोष्ट सांगताना अजून जड जातं. पहिल्या मेळाव्यात कुणीतरी हौसेनं हळदी-कुंकू ठेवलं. आलेल्या दोघींतली एक विधवा होती. करंडा घेऊन बाई जवळ आल्या तेव्हा ती पाण्याच्या कॅनकडं वळली आणि पेला भरत उभी राहिली. पेला केव्हाच भरला होता, पाणी हातावरून वाहत होतं, तरी तिनं नळ बंद केला नाही. तिला पन्नास किलोमीटर लांबून आम्ही बोलावलं होतं. कृपा करून हा कार्यक्रम ठेवू नका. ठेवायचाच तर सगळ्यांना, बाया-पुरुषांना, चंदनाचं बोट लावा आणि एकेक फूल द्या. आम्ही २०२३ मध्ये तसंच केलं. ती आली होती, आणि गाणंही म्हणाली.

वर्गणी

सगळ्यांना सारखी रक्कम सांगून नावांसकट यादी ग्रुपवर टाकली की अर्धे लोक मुकाट्यानं "जमत नाही रे" लिहितात. कापूस विकायचा आहे, हातात रोकड नाही, हे कुणी ग्रुपवर सांगत नाही. एकाच विश्वासू माणसाकडं बंद पाकीट द्यायचं, नाव जाहीर करायचं नाही, शेवटी फक्त एकूण जमा-खर्च मांडायचा. ज्यानं वांगी-सांबार (आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर) आणलं, ज्यानं गोवऱ्या दिल्या, त्याचंही पाकीट आलं असं समजायचं.

जागा आणि जेवण

कॉलेजचा हॉल हवा असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. हिवाळी परीक्षा कधी आहेत तेही विचारा. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग रिकामे असतात, पण टाकीही रिकामी असते! आदल्या दिवशी मोटर चालू करून संडासातला नळ स्वतः उघडून पाहा. चौकीदाराचा नंबर दोघांकडं असू द्या.

जेवणाला पनीर आणि चायनीजचा स्टॉल कशाला? लोक रोडग्यांसाठी, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसाठी येतात. रोडगे कच्चे राहण्याचं कारण बहुतेक वेळा गोवऱ्या असतात. परतीच्या पावसात भिजलेल्या गोवऱ्या धुमसतात, त्यांचा आहार, म्हणजे निखारा, पडत नाही; वरून काळं आणि आत पीठ. गोवऱ्या महिनाभर आधी टिनाखाली रचून ठेवा. ज्वाळ बसून लाल आहार झाल्याशिवाय गोळे टाकू नका, उलटत राहा, मग गरम राखेत झाकून तासभर तरी धीर धरा. साठीच्या घरात आलोय आपण, निम्म्यांना शुगर आहे; दीडला जेवण म्हणजे दीडलाच.

सर आणि मॅडम आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. त्यांचा कार्यक्रम सकाळी पहिला, तासाभराचा. घरून गाडीनं आणा, घरी पोचवा. प्रत्येकाला शाल-श्रीफळ आणि प्रत्येकाचं मनोगत यात तीन तास जातात आणि ते बिचारे अवघडून बसतात.

जे गेले त्यांची नावं एकदा, सावकाश वाचा आणि दोन मिनिटं उभे राहा. कसा गेला, का गेला, हे माइकवर कुणी विचारू नये. आमच्या जिल्ह्यात तर नाहीच नाही. त्याची बायको-मुलं गावात असतील तर दोघा-तिघांनी घरी जाऊन यावं, फोटो न काढता.

रात्र आखून टाकणं

मुक्काम असेल तर रात्री ऑर्केस्ट्रा ठेवू नका. नोव्हेंबरची थंडी, शेकोटी आणि गप्पा पुरतात. आणि गावातला मित्र मधेच उठला तर त्याला धरून ठेवू नका. आमचा सोयाबीनवाला साडेअकराला उठला. त्या आठवड्यात त्याच्याकडं शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची होती, हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायचं होतं. तिघं त्याच्यासोबत निघाले. त्यातला एक बँकेतून निवृत्त झालेला. तो दोन वाजता खांद्यावर स्प्रिंकलरचे पाइप घेऊन एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात चालत होता, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात. पहाटे चौघं परत आले तेव्हा चहा तयार होता.

शहरातून येणाऱ्यांनी गाडीत एक टॉर्च आणि जुने बूट टाकून ठेवावेत.