राउटरवरचं जीपीएस तपासताना: टपावरच्या अँटेनापासून सर्व्हरवरच्या ठिपक्यापर्यंत

पाण्याचा टँकर, उसाचा ट्रक, शाळेची बस. सिमवर चालणारा फोर-जी राउटर आता अशा गाड्यांत सर्रास बसतो आणि जीपीएस त्यातच असतं. नकाशावर ठिपका उमटला की बसवणारा पाने-पकडी आवरतो. आठ दिवसांनी तक्रार येते: गाडी गेवराईत, ठिपका भलतीकडेच. ठिपका दिसणं ही तपासणी नव्हे. आकाशातून अँटेना, अँटेनातून रिसीव्हर, तिथून राउटरचं सॉफ्टवेअर, मग मोबाईल नेटवर्क आणि शेवटी सर्व्हर, अशी ही साखळी आहे. ती याच क्रमानं, वरून खाली तपासावी. उलट्या बाजूनं सुरुवात केली की अर्धा दिवस सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जातो आणि दोष निघतो टपावर.

आधी अँटेना

गाडीतल्या बहुतेक राउटरना ॲक्टिव्ह अँटेना लागतो, म्हणजे आत छोटा ॲम्प्लिफायर असलेला. त्याला वीज त्याच केबलमधून राउटर देतो. केबल काढा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि राउटरच्या जीपीएस पोर्टची मधली पिन व बाहेरचं कडं यांत मोजा. साधारण 3 ते 5 व्होल्ट दिसायला हवेत. शून्य आलं तर आधी जीपीएस सेवा चालू आहे का पाहा. काही राउटर ती बंद असताना ही वीजही तोडतात. मोजताना मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवू नका, पोर्टचं सर्किट जाऊ शकतं.

दुसरी चूक कनेक्टरची. वाय-फायच्या पोर्टला बहुधा आरपी-एसएमए असतो, जीपीएसला साधा एसएमए. आटे सारखेच, त्यामुळे वाय-फायचा अँटेना जीपीएसच्या पोर्टवर छान घट्ट बसतो, पण मधली पिन कशालाच लागत नाही. घट्ट बसलं म्हणजे जोडलं गेलं, असं समजू नका. दोन्ही तोंडांत डोकावून एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक आहे ना, ते पाहा.

चुंबकाचा चपटा अँटेना टपाच्या पत्र्यावर, सपाट बाजू खाली ठेवून बसवा. खालचा पत्रा त्याला उलट मदतच करतो. वरचा पत्रा मात्र सिग्नल मारतो. म्हणून डॅशबोर्डच्या आत किंवा केबिनच्या लोखंडी टपाखाली तो ठेवू नये. उसाच्या ट्रकचं दुखणं वेगळंच: भरल्यावर ओला ऊस केबिनवर झुकतो आणि अँटेना झाकतो. हिरव्या पाल्यातलं पाणी हा सिग्नल शोषून घेतं. रिकाम्या गाडीवर उत्तम चाललेलं जीपीएस भरल्या गाडीत लंगडतं ते यामुळे. तेव्हा तपासणी भरलेल्या गाडीवर करा आणि अँटेना केबिनच्या पुढच्या कडेला आणा.

उघड्यावर पंधरा मिनिटं

पत्र्याच्या शेडमध्ये तपासू नका. वाळूजच्या गाळ्यात गाडी उभी करून जीपीएस बिघडलंय असा निकाल देणं म्हणजे तळघरात उभं राहून ऊन नाही म्हणणं. गाडी मोकळ्या जागेत काढा आणि राउटरची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची अचूक माहिती 30 सेकंदांच्या फेऱ्यांत सांगतो, त्यामुळे उघड्या आकाशाखाली पहिली जागा मिनिटभरात मिळायला हवी. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी यायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. महिनोन्‌महिने बंद असलेल्या राउटरला म्हणून पंधरा मिनिटं द्या. त्यानंतरही काही आलं नाही, तर वाट पाहण्यात अर्थ नाही; पुन्हा अँटेनाकडे जा.

ओळी स्वतः वाचा

राउटरच्या पानावरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नये. रिसीव्हर दर सेकंदाला एनएमईए नावाच्या साध्या मजकुराच्या ओळी सोडतो, त्या पाहाव्यात. राउटरमध्ये क्वेक्टेल ईसी25 मॉडेम आणि ओपनडब्ल्यूआरटी ही खुली राउटर-प्रणाली असेल तर सहसा चार यूएसबी सिरीयल पोर्ट दिसतात. शून्यापासून मोजल्यास 1 नंबरवर या ओळी येतात, 2 नंबरवर एटी कमांड, म्हणजे मॉडेमला द्यायचे हुकूम, टाकायच्या. (इथं कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर रोमन कॅपिटल अक्षरांत, जागा न सोडता टाका.) एटी+क्यूजीपीएस=1 नं जीपीएस सुरू होतं, एटी+क्यूजीपीएसएलओसी=2 नं जागा दशांश अंशांत मिळते. 516 ही चूक आली तर घाबरू नका, अजून जागा ठरलेली नाही एवढंच. 504 म्हणजे जीपीएस आधीच चालू आहे. 505 म्हणजे चालूच केलेलं नाही.

एकाच पोर्टवर दोन प्रोग्रॅम बसवू नका. जीपीएसडी (या ओळी वाचून इतर प्रोग्रॅमना जागा पुरवणारा प्रोग्रॅम) ओळी वाचत असताना तुम्हीही टर्मिनल उघडलं, तर अर्धी अक्षरं त्याला आणि अर्धी तुम्हाला जातात. ओळी तुटक दिसू लागल्या की पहिला संशय याचाच घ्यावा.

आता छत्रपती संभाजीनगरातली जीजीए, म्हणजे जागा सांगणारी ओळ कशी दिसेल ते पाहू: जीएनजीजीए, 053012.00, 1952.572, एन, 07520.598, ई, 1, 09, 0.9. पहिला आकडा वेळेचा, पण तो जागतिक वेळेत. 5 वाजून 30 मिनिटं 12 सेकंद, त्यात साडेपाच तास मिळवले की आपले 11 वाजून 12 सेकंद. ई नंतरचा 1 म्हणजे जागा मिळाली. तिथं 0 असेल तर बाकीचे आकडे सोडून द्या. 09 म्हणजे हिशेबात घेतलेले उपग्रह. शेवटचा 0.9 हा उपग्रहांच्या मांडणीचा दर्जा, एचडीओपी. 2 च्या आत असला की काम भागतं.

खरी मेख मधल्या दोन आकड्यांत आहे. 1952.572 म्हणजे 19 अंश आणि 52.572 मिनिटं. मिनिटांना 60 नं भागायचं, म्हणजे 19.8762 अंश, दुसरा आकडा तसाच 75.3433. कुणी घाईत दशांशचिन्ह नुसतं सरकवून 19.52572 आणि 75.20598 करतं. मग शहरातली गाडी सुमारे 41 किलोमीटर दूर, नाथसागराच्या बाजूला जाऊन बसते. नकाशा उघडतो, ठिपका महाराष्ट्रातच असतो, म्हणून चूक लवकर कळतही नाही. ढोबळ चाळणी म्हणून लक्षात ठेवा: मराठवाडा साधारण 17.5 ते 20.7 उत्तर अक्षांश आणि 74.6 ते 78.4 पूर्व रेखांशात मावतो. पण ही चाळणी वरची चूक पकडत नाही. त्यासाठी फोनवरची जागा शेजारी ठेवून ताडून पाहावी लागते.

जीएसव्ही ओळींत प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलचा जोर असतो. चारपाच उपग्रह 35 च्या वर हवेत. सगळेच 25 च्या खाली रेंगाळत असतील तर केबल चेपलेली आहे, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय किंवा अँटेना पत्र्याखाली आहे.

तारीख वीसेक वर्षं मागची दिसली तर अँटेना बदलू नका. जीपीएस आठवडे 1024 पर्यंतच मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. 6 एप्रिल 2019 ला असा फेरा पूर्ण झाला. जुनं फर्मवेअर (रिसीव्हरच्या आतलं सॉफ्टवेअर) तिथं गोंधळतं. ते अद्ययावत करा.

पातेलं उलटं ठेवा

ही चाचणी सगळ्यांत जास्त सुटते. गाडी उभी असताना अँटेनावर स्टीलचं पातेलं पालथं घाला. मिनिटभरात आरएमसी या जागा, वेग आणि तारीख सांगणाऱ्या ओळीतलं ए अक्षर व्ही व्हायला हवं, म्हणजे जागा गेली. आता सर्व्हरकडे पाहा. बरीच सॉफ्टवेअरं शेवटची जागा ताजी म्हणून पाठवत राहतात. बोगद्यात किंवा शेडमध्ये उभी गाडी मग तासन्‌तास रस्त्यावरच उभी दिसते. सर्व्हरवर ठिपक्याशेजारी जीपीएसची वेळ दिसली पाहिजे, संदेश पोहोचल्याची नव्हे.

नेटवर्कच्या बाजूनं

जीपीएसडी 2947 या टीसीपी पोर्टवर बोलतो, पण मूळ सेटिंगमध्ये तो राउटरच्या आतल्यांशीच बोलतो. लॅपटॉपवरून जोडणी नाकारली गेली तर जीपीएसडी कॅपिटल जी या पर्यायासह सुरू केलाय का आणि फायरवॉलमध्ये लॅनकडून परवानगी आहे का, ते पाहा. बाहेरच्या इंटरनेटसाठी हा पोर्ट कधीच उघडू नका. गाडी कुठं आहे हे वाटेल त्याला सांगण्याची सोय होते ती. तसंही मोबाईल सिमवर सार्वजनिक आयपी सहसा मिळत नाही, म्हणून राउटरनंच सर्व्हरकडे माहिती ढकलावी किंवा व्हीपीएन वापरावा. यूडीपीनं, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीनं, पाठवत असाल तर सिम काढून पाच मिनिटं थांबा आणि परत घाला. मधल्या नोंदी सर्व्हरवर आल्या का? नसतील, तर राउटर त्या साठवून ठेवत नाही. रेंज जाणाऱ्या बालाघाट डोंगरातल्या रस्त्यांवर तेवढा प्रवास नोंदीतून गायब होणार.

कॅमेऱ्यांना वेळ देण्यासाठी जीपीएस वापरत असाल, तर चालू केल्या केल्या घड्याळ ताडू नका. लीप सेकंदांचा, म्हणजे जीपीएसची वेळ आणि जागतिक वेळ यांतल्या फरकाचा, आकडा वर सांगितलेल्या साडेबारा मिनिटांच्या फेरीत येतो. तोवर वेळ काही सेकंदांनी चुकू शकते.

गाडी हलवून

आरएमसीमधला वेग नॉटमध्ये असतो. 1.852 नं गुणायला विसरलात तर ताशी 50 नं धावणारी बस 27 नं चाललेली दिसते, आणि वेगमर्यादेचा इशारा कधीच वाजत नाही. स्पीडोमीटरशी 40 आणि 60 वर ताडा. उभ्या गाडीचा ठिपकाही काही मीटर इकडेतिकडे हलतो, म्हणून जिओफेन्सची (नकाशावर आखलेल्या हद्दीची) त्रिज्या 50 मीटरपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर रात्रभर गाडी डेपोत आत-बाहेर करत राहील. एक फेरी कन्नड घाटातून मारा. डोंगर एका बाजूचं आकाश झाकतो तेव्हा एचडीओपी किती चढतो ते तिथं कळतं. ही फेरी जीपीएसडीसोबतच्या जीपीपाइप या साधनानं नोंदवून ठेवा. पुढं सेटिंग बदललं की तीच नोंद त्याच्याच जीपीएसफेक या साधनातून पुन्हा चालवता येते, डिझेल न जाळता.